वीज समुद्राखालून जाते, मग शिवारात का अडते?



घारापुरी बेट आपल्याला लेण्यांमुळे ठाऊक आहे. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने तासाभराची वाट. १९८७ साली ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली. देशोदेशीचे पाहुणे त्रिमूर्ती पाहून दिवस मावळायच्या आत परत जात आणि मागे राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तीन गावे काळोखात राहत. डिझेलचे जनित्र संध्याकाळी तीनेक तास चाले, मग कंदील. स्वातंत्र्यानंतर ७० वर्षे हेच चालले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे कायमची वीज आली. महावितरणने समुद्रतळातून साडेसात किलोमीटर केबल टाकली, खर्च सुमारे २५ कोटी. समुद्रात खांब रोवता येत नाहीत. म्हणून तारेवर पाणी न शिरू देणारे थर चढवतात, वर पोलादी तारांचे चिलखत घालतात, आणि जहाजाचा नांगर अडकू नये म्हणून ती तळाच्या चिखलात पुरतात. त्या केबलमधून जातो २२ हजार व्होल्टचा दाब. आपल्या शिवारातल्या डीपीवर ११ किंवा २२ हजार व्होल्टच येतात. बेटावरही गावोगावी डीपी बसवूनच घरात दिवा लागला.

त्या हजारभर माणसांच्या दिव्याचा आम्हाला हेवा नाही. त्यांना वीज मिळाली हे उत्तमच झाले. आमचा प्रश्न वेगळा आहे. ७० वर्षे अडले होते काय?

अंतर अडले नव्हते. १९१५ साली टाटांची वीज खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांत पोचली. घाटाच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंत तारा ओढल्या गेल्या, कारण गिरणीला वीज हवी होती. त्या गिरण्यांत पिंजला जात होता तो तुमच्या-आमच्या आजा-पणजाचा कापूस. कापूस पिकवणाऱ्याच्या गावात दिवा यायला त्यानंतर पन्नास-साठ वर्षे लागली. घारापुरीच्या समोर तुर्भ्याला वीजकेंद्र आणि अणुभट्टी, दुसऱ्या अंगाला १९८९ पासून न्हावा-शेवा बंदर. चारी बाजूंना झगमगाट आणि मधे अंधार.

आज खांदेश्वर स्टेशनावर लोकल थांबते, भोवती इमारतींची रांग दिसते. तिथे शेती होती. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन सरकारने घ्यायला काढली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. त्या जमिनीवर शहर उभे राहिले, शहराला वीजही आली. त्याच उरण तालुक्यातले घारापुरी मात्र पुढे ३४ वर्षे वाट पाहत बसले. इंडिया आणि भारत यांच्यामधली खाडी साडेसात किलोमीटरचीच असते, पण ती ओलांडायला ७० वर्षे लागतात.

आता आपल्या शिवारात या. कपाशी आणि ज्वारी कोरडवाहू म्हणवतात, पण पावसाने दडी मारली तर बोंडे भरताना एक पाणी, ज्वारी पोटरीत असताना एक पाणी, एवढ्यावर पीक तरते. विहिरीत पाणी असते, वीज नसते. असली तर रात्रपाळीची. दाब कमी म्हणून मोटर जळते. डीपी जळाली की वर्गणी काढायला सांगणारे भेटतात. रात्री दारे धरायला गेलेला माणूस साप-विंचवाच्या तोंडी जातो.

आम्ही तक्रार केली की उत्तर ठरलेले: विखुरलेल्या शेतांना लाइन परवडत नाही, थकबाकी फार. घारापुरीच्या केबलचा खर्च बिलातून किती वर्षांत वसूल होणार, हे कोणी विचारले नाही, विचारायचेही नव्हते. आणि थकबाकी कशाची? कित्येक पंपांना मीटरच नाही, बिल अश्वशक्तीवर. पंप चालो न चालो, आकडा चढतो. गळती आणि चोरी शेतीच्या नावावर दाखवली जाते, हा आपला जुना आक्षेप आहे.

एप्रिल २०२४ पासून सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे बिल माफ केले. बेटाला साडेसात किलोमीटर केबल, आम्हाला साडेसात अश्वशक्तीची माफी! फुकट विजेची तक्रार करता येत नाही, हीच तिची खरी किंमत. २०१७ पासून सरकार सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज देण्याचे सांगते. योजना चांगली आहे. तिचे मोजमाप मात्र घोषणेवरून करू नका. आपल्या फीडरवर दिवसा किती तास पूर्ण दाब होता, तेवढेच मोजा.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठरवू. प्रत्येक गावाने फीडरची वही ठेवावी: वीज कधी आली, कधी गेली, डीपी कधी जळाली, कधी बदलली. डीपीसाठी वर्गणी द्यायची नाही. तक्रार लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. ठरलेल्या दर्जाची सेवा मिळाली नाही तर वीज कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे भरपाई मागायची.

दिवसा पूर्ण दाबाची वीज द्या, मीटर लावा, मालाला भाव मिळू द्या. बिल आम्ही भरू. समुद्र आडवा आला नाही, तर बांध का आडवा येतो, याचे उत्तर घेऊनच उठू.