मॅच सुटल्यावर

फुटबॉलच्या मॅचला चल, असं एखाद्या पुरुषाला म्हणून बघा. तो पहिल्यांदा विचारतो, ''कुणाकुणाची आहे?'' तेच एखाद्या बाईला म्हणा. ती विचारते, ''सुटते कितीला?''

आमच्या मिरजेत मी हे किमान वीसेक जणींना विचारून बघितलंय. शाळेतल्या बाई, बँकेतली मैत्रीण, शेजारच्या काकू, माझ्या धाकट्या जाऊबाई, सगळ्यांचा प्रश्न तोच. याचा अर्थ त्यांना खेळात रस नाही असा मुळीच नाही हं. जाऊबाईंना ऑफसाइड माझ्या नवऱ्यापेक्षा चांगलं कळतं. पण मॅच बघायची की नाही हे ठरवताना बाईच्या डोक्यात खेळाच्या आधी परतीचा हिशोब सुरू होतो. सहाला मॅच सुटली, गर्दीतून बाहेर पडायला अर्धा तास, मग रिक्षा, मग स्टँड, मग एस.टी., तीही जागा मिळाली तर. मिरजेत उतरायला नऊ. स्टँडपासून घरापर्यंत पुन्हा रिक्षा. एवढं होईपर्यंत मनातल्या मनात तिची मॅच संपलेलीसुद्धा असते, आणि ती म्हणते, ''नको गं, टीव्हीवर बघू.''

सांगली-मिरजेकडच्या माणसाला फुटबॉल म्हटलं की कोल्हापूर आठवणारच. तिथलं शाहू स्टेडियम, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं, मॅचच्या दिवशी पेठांमधून फिरणारे झेंडे, हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या स्टेडियमची एक गोष्ट मला फार आवडते. ते गावाच्या पोटात आहे. मॅच सुटली की माणसं चालत आपापल्या पेठेत जातात. तिथल्या बाईला मॅचला जायचं तर पायात चपला घातल्या की झालं, वाटेत ओळखीची दहा घरं लागतात. हुल्लडबाजी तिथंही होते, बंदोबस्त लावावा लागतो, ते मी नाकारत नाही. पण घर जवळ असलं की बाईची भीती निम्मी होते.

आता नव्या स्टेडियमकडे बघा. पुण्यातलं बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी झालं, तेव्हा ते पार शहराबाहेर वाटायचं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झालं, ते महामार्गाला लागून. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम २०१२ चं, तेही द्रुतगती मार्गाच्या कडेला. जागा स्वस्त, पार्किंगला मोकळं रान, नकाशावर छान दिसतं. म्हणजे काय, तर हे स्टेडियम गाडी असलेल्या माणसाला समोर ठेवून बांधलेलं असतं. आणि आपल्याकडे घरात गाडी असली तरी तिची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे मी वेगळं सांगायला नको!

त्यातल्या त्यात नेरूळचं बरं, लोकलचं स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल तिथंच झाली, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. आपल्या राज्यात मुलींच्या विश्वचषकाची फायनल! आमच्याकडच्या किती मुलींना ती बघायला मिळाली असेल? मिरजेहून नेरूळ साडेतीनशे किलोमीटरच्या वर. मॅच रात्रीची. एकटीदुकटीनं जाऊन, बघून परत यायचं कसं?

पण परतीचा प्रश्न लांबच्यांनाच पडतो असंही नाही. माझी भाची नोकरीनिमित्त नवी मुंबईत राहते, मुलींच्या एका वसतिगृहात. स्टेडियमपासून अगदी जवळ. गेल्या वर्षी, म्हणजे २ नोव्हेंबर २०२५ ला, महिला क्रिकेट विश्वचषकाची फायनल त्याच स्टेडियमवर होती. खेळ क्रिकेटचा असला तरी रस्ता तोच, म्हणून सांगते. आणि आम्हा सांगलीकरांना तर दुप्पट कौतुक, कारण सलामीला येणारी स्मृती मानधना आमच्या माधवनगरला वाढलेली. भाचीनं आणि तिच्या तीन मैत्रिणींनी महिनाभर पैसे बाजूला टाकून तिकिटं काढली. वसतिगृहाचं फाटक रात्री दहाला बंद होतं. खूप विनवण्या करून त्यांना अकरापर्यंतची परवानगी मिळाली. तीनची मॅच, अकराच्या आत आरामात होईल असा हिशोब. पण पावसानं घोळ केला. मॅच पाचला सुरू झाली आणि संपायला मध्यरात्र झाली.

साडेदहाला या चौघी उठल्या. दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट अजून खेळत होती, मॅच कुणीकडेही जाऊ शकत होती. भोवतालचे लोक म्हणत होते, अगं बसा की, आता कुठं चाललात? भारतानं ५२ धावांनी विश्वचषक जिंकला तो क्षण या मुलींनी वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलच्या स्क्रीनवर बघितला. बाहेरून फटाक्यांचा आवाज येत होता. भाची फोनवर मला म्हणाली, ''मावशी, एवढं जवळ जाऊन पण टीव्हीवरच बघितलं गं.'' रडत नव्हती, हसूनच सांगत होती. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

आता यात चूक कुणाची म्हणायची? वसतिगृहाच्या बाईंना मुलींची जबाबदारी आहे. पाऊस काय कुणाच्या हातातला नाही. पण बायकांचा विश्वचषक, त्याच्या फायनलला बायकांनी यावं म्हणून एवढा गाजावाजा, साखळी सामन्यांची तिकिटं तर शंभर रुपयांपासून ठेवली होती. तिकीट स्वस्त केलं, ते उत्तमच केलं. पण शंभराच्या तिकिटावर मॅच बघणाऱ्या मुलीला घरी जाताना रात्री सहाशे रुपयांची टॅक्सी करावी लागली, तर ती स्वस्ताई कुठं राहिली?

आणि ही फायनल नवी मुंबईत आली ती कशामुळे, तेही आठवावं. या विश्वचषकाचे काही सामने आधी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर ठरले होते. ४ जून २०२५ ला तिथं पुरुषांच्या संघाच्या विजयोत्सवात फाटकांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जीव गेले. त्यात एक शाळकरी मुलगीही होती. त्यानंतर ते सामने नवी मुंबईला हलवले. १९७१ च्या जानेवारीत ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमवर ६६ माणसं गेली, तीही मॅच सुटल्यावर, घरी जाताना, जिन्यावर. स्टेडियमची ओळख आपण किती हजार खुर्च्या यावरून करून देतो. त्या खुर्च्यांवरची माणसं एकाच वेळी उठली की जाणार कुठून, हे उद्घाटनाच्या भाषणात कधी ऐकलंय का तुम्ही?

इराणमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं बायकांना फुटबॉलच्या स्टेडियममध्ये पाऊलच टाकू देत नव्हते. १० ऑक्टोबर २०१९ ला तेहरानच्या आझादी स्टेडियमवर त्या तिकीट काढून बसल्या. त्या दिवशी इराणनं कंबोडियाला १४-० हरवलं. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून आले ते गोलचे नाहीत, गॅलरीतल्या बायकांचे. तो फोटो बघून मला वाटलं होतं, आपण केवढ्या सुखात आहोत. आपल्याला कुणी अडवत नाही! आता वाटतं, आपल्याला फाटकावर कुणी अडवत नाही हे खरं, पण शेवटची एस.टी. अडवते. आणि तिच्याविरुद्ध मोर्चा तरी कसा काढायचा?

''रात्रीचं बायकांनी कशाला जायचं?'' हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. त्यांना मी आमच्या मिरजेतली अनंत चतुर्दशी दाखवीन. मोठमोठ्या स्वागत कमानी, आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या रात्री गावातल्या बायका, लेकीबाळी, तान्ही पोरं घेतलेल्या सुना, सगळ्या रस्त्यावर असतात. पहाटे तीनला भेळ खातात! कुणी विचारत नाही, रात्रीचं कशाला आलात. कारण दिवे असतात, पोलीस असतात, आणि मुख्य म्हणजे बायकाच एवढ्या असतात की एकटीला एकटं वाटत नाही. रात्र तीच, रस्ता तोच, बायकाही त्याच. मग अडतं ते कशाशी?

एस.टी.चं म्हणाल, तर मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं. आमच्यासारख्यांचा खूप फायदा झाला, माहेरच्या फेऱ्या वाढल्या, ते कबूल. पण निम्म्या तिकिटाला पूर्ण गाडी तरी हवी ना! संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात, आणि मग उरतं ते वडाप. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा कोंबलेली, त्यात मॅच बघून आलेली, ओरडणारी पोरं. त्यात मी माझ्या मुलीला घेऊन बसणार नाही, आणि तुम्हीही बसणार नाही.

बरं, एस.टी.ला जमत नाही असंही नाही. आषाढीला पंढरपूरला पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडतात, त्याही वेळेवर. जत्रा म्हटली की जादा गाडी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मग मॅच म्हणजे काय वेगळं? तीही जत्राच की. तारीख माहीत, वेळ माहीत, माणसं कुठून येणार तेही माहीत.

केरळात कोचीला स्टेडियमच्या शेजारीच मेट्रोचं स्टेशन आहे, आणि फुटबॉलची मॅच असली की त्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत चालवतात. जर्मनीत २०२४ ला युरो स्पर्धा झाली, तेव्हा मॅचच्या तिकिटावरच ३६ तास गावातल्या बस-ट्रामनं फिरता येत होतं. म्हणजे परतीचा प्रवास हा मॅचचाच भाग धरला. आपल्याकडे मेट्रो नाही, ट्राम नाही, पण रेल्वे आहे की! मिरज जंक्शन. कोल्हापूरची लाइन १८९१ ची, जेमतेम पन्नास किलोमीटर. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, या सगळ्या गावांत फुटबॉलवेडी माणसं आहेत. मोठ्या मॅचच्या दिवशी संध्याकाळी एक जादा डेमू, दोन डबे बायकांचे. एवढंच मागतेय मी. तेही दररोज नाही, हंगामात चार-पाच वेळा.

एका कार्यालयात मी हे बोलून दाखवलं. तिथले साहेब सज्जन होते, चहा दिला. म्हणाले, ''मॅडम, मागणीच नाही. बायका मॅचला येतात कुठं?'' गाडी नाही म्हणून बायका येत नाहीत, आणि बायका येत नाहीत म्हणून गाडी नाही. मी चहा संपवला आणि उठले.

मागणीच दाखवायची तर दाखवू, असं ठरवून गेल्या हंगामात आम्ही अकरा जणी मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. प्रत्येकी साडेतीनशे रुपये. दुपारी निघायचं, शाहू स्टेडियमवर मॅच बघायची, दिवेलागणीला परत फिरायचं. गाडीवाला ओळखीचा, बायकांच्या सहली नेहमी नेणारा. त्यानं सवयीनं विचारलं, ''आधी अंबाबाई का आधी जोतिबा?'' मॅचला जायचंय म्हटल्यावर त्याला आधी पटेना. मग म्हणाला, ''मंग मी बी येतो की आत.''

आलाही. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त ओरडल्या त्या शेजारच्या काकू, ज्यांना मॅच सुटायच्या वेळेची सगळ्यात जास्त काळजी होती. गाडी बाहेर उभी आहे, आपण निघाल्याशिवाय ती निघणार नाही, एवढं कळलं आणि बाईंनी पूर्ण नव्वद मिनिटं घड्याळाकडे बघितलं नाही. पाणीसुद्धा प्यायल्या पोटभर, येताना वाटेत थांबता येणार हे माहीत होतं म्हणून. (स्टेडियममधल्या बायकांच्या स्वच्छतागृहांवर मी एकदा स्वतंत्र लिहिणार आहे, इथं जागा पुरायची नाही.) हातकणंगल्याला चहाला थांबलो, तिथं टपरीवरच्या मुलांशी जाऊबाईंचा पेनल्टीवरून वाद झाला. साडेआठला सगळ्या घरी.

यंदाच्या हंगामासाठी आत्तापर्यंत चोवीस नावं आलीत. टेम्पो ट्रॅव्हलर पुरणार नाही, एस.टी.ची प्रासंगिक कराराची गाडी मिळते का बघतोय. त्यासाठी पुन्हा अर्ज घेऊन जायचंय, आणि या वेळी खाली चोवीस सह्या आहेत.