अमृत आहार गरोदरपणी मिळतो. त्याआधीच्या अर्धपोटी वर्षांचे काय?

डहाणू, तलासरीतील अंगणवाड्यांत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा चौरस, ताजे जेवण मिळते. राज्याच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून सुरू आहे. ती गरजेचीच आहे. पण दिवस जाण्याआधी ही मुलगी काय खात होती, हा प्रश्न उरतोच.

पाळीचे चक्र मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाच्या ताब्यात असते. कष्ट जास्त आणि खाणे कमी झाले की हा भाग बीजांडकोशांना जाणारे संदेश कमी करतो. बीजांड वेळेवर तयार होत नाही, पाळी लांबते किंवा बंद होते. इस्ट्रोजेन घटल्याने हाडेही कमकुवत होतात. वजन वाढेल या भीतीने जेवण टाळणारी मुलगी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर अर्धपोटी राबणारी बाई, दोघींच्या शरीरात हेच घडते. उपचार मात्र वेगळे. पहिलीला आहारविकारासाठी मानसोपचारही लागतात. दुसरीला आधी पोटभर अन्न आणि विश्रांती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे, तर २०.८ टक्के महिलांचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी आहे. अशा स्थितीत दिवस गेले तर कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ होण्याचा धोका वाढतो. शिवाय बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद होते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे माहीतही नसते. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासूनच हवे. कामासाठी गाव सुटले की अंगणवाडीही सुटते, हेही धोरण आखताना लक्षात घ्यायला हवे.

तुम्ही काय कराल?

• पाळी तीन महिने आली नाही तर दवाखान्यात जा. आधी गरोदरपणाची तपासणी करा. पाळी बंद असतानाही दिवस जाऊ शकतात.
• किशोरवयीन मुलींना लोह-फॉलिक ॲसिडची आठवड्याची निळी गोळी चुकवू देऊ नका. गोळीसोबत चहा टाळा.
• हिमोग्लोबिनसोबत सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो.
• नाचणी, डाळ, अंडी, सुकट, पालेभाजी यांतले जे घरात असेल, ते मुलीच्या ताटात सर्वांच्या शेवटी वाढू नका.