पहिलं कोण ते कळलं, दुसरं कोण?

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे? १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट? १९१३, दादासाहेब फाळके, ‘राजा हरिश्चंद्र’. पहिल्या महिला पंतप्रधान? पहिला अंतराळवीर? पहिला... बास, बास! ही यादी आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता येईल. स्कॉलरशिपच्या परीक्षेपासून ती आपल्या मागे लागली आहे. हॉस्टेलवर एम.पी.एस.सी.ची तयारी करणाऱ्यांच्या रूममध्ये ती आजही भिंतीला चिकटवलेली असते. आणि गॅदरिंगच्या क्विझमध्ये तर बझरवर हात ठेवून बसलेल्यांना ‘भारतातील पहि...’ एवढं ऐकलं तरी पुरतं.

मित्र-मैत्रिणींनो, माझी या यादीविषयी एक तक्रार आहे. यादी खरी आहे, पण अर्धी आहे. आपण सगळे इंजिनीअरिंगवाले, तेव्हा आपल्याच भाषेत सांगते. एका बिंदूतून रेषा ठरत नाही. त्यातून हव्या तेवढ्या रेषा जाऊ शकतात, कुठल्याही दिशेला. रेषा ठरायला दुसरा बिंदू लागतो, तेव्हा कुठे स्लोप काढता येतो. देशाचंही तसंच आहे. ‘पहिला’ म्हणजे एक बिंदू. देश पुढे चाललाय की तिथेच उभा आहे, हे दुसरा आल्याशिवाय कळत नाही.

क्विझवाल्यांचा लाडका प्रश्न घेऊ. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक कोणी मिळवून दिलं? खाशाबा जाधव, कुस्ती, ब्राँझ, हेलसिंकी १९५२. टाळ्या! दहा मार्क! आता पुढचा प्रश्न : दुसरं कोणी? इथे हॉलमध्ये शांतता पसरते. उत्तर आहे लिअँडर पेस, टेनिस, अटलांटा १९९६. म्हणजे ४४ वर्षांनी! आपल्या आजोबांनी एकदा टाळ्या वाजवल्या, त्या पुन्हा वाजवायला आपल्या आई-बाबांच्या लग्नाचा सुमार यावा लागला.

का बरं? कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ साली लंडनला सहावा आला होता. म्हणजे गुण दिसले होते. तरी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपण भाषणात डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि सांगावीच. पण जरा थांबून विचार करा. जिथे एका पदकासाठी प्राचार्यांना घर गहाण टाकावं लागतं, तिथे दुसरं पदक येणार कुठून? प्रत्येक पैलवानाला असे प्राचार्य भेटत नाहीत, आणि प्रत्येक प्राचार्यांकडे गहाण टाकायला घर नसतं.

महाराष्ट्रापुरतं बघायचं तर खाशाबांनंतरचं दुसरं वैयक्तिक पदक आलं २०२४ साली, पॅरिसमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे, ब्राँझ. अंतर ७२ वर्षं. स्वप्नील राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, पुढे त्याला रेल्वेत नोकरी मिळाली. मेहनत त्याची स्वतःची, त्यात वादच नाही. पण त्याच्या पायाखाली एक वाट होती. खाशाबांच्या पायाखाली ती नव्हती.

हा नाद लागला की सुटत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लावत बसले. ऑलिंपिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला कर्णम मल्लेश्वरी, २०००. पुढची पदकं सायना नेहवाल आणि मेरी कोमची, २०१२. अंतर १२. पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रा, २००८. दुसरं नीरज चोप्रा, २०२१. अंतर १३. अंतराळात राकेश शर्मा, १९८४. (कल्पना चावलाचं नाव घेऊ नका, ती उड्डाणाच्या वेळी अमेरिकन नागरिक होती.) दुसरा शुभांशू शुक्ला, २०२५. अंतर ४१. मधे एका भारतीयाला अमेरिकन शटलमधून पाठवायचं ठरलं होतं, पण १९८६ च्या चॅलेंजर अपघातानंतर तो बेत बारगळला. दुसऱ्याच्या गाडीतली सीट होती, गाडी थांबली की आपणही थांबलो.

राजकारणाचा रकाना तर विचारूच नका. देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी, उत्तर प्रदेश, १९६३. त्याच राज्यात दुसऱ्या मायावती, १९९५. अंतर ३२. पंतप्रधानपदी इंदिरा गांधी १९६६ साली आल्या, दुसरीची जागा माझ्या वहीत अजून कोरी आहे. आणि १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात महिला मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत पहिलीचाच पत्ता नाही, तर दुसरीचं काय घेऊन बसलात!

असो. आता आपल्या फिल्डकडे येऊ.

ए. ललिता हे नाव किती जणांनी ऐकलंय? पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी. अशा अवस्थेत या बाईंनी १९४० मध्ये मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलला प्रवेश घेतला. वडील तिथेच प्राध्यापक होते, प्राचार्य चाको यांनी साथ दिली, म्हणून जमलं. तोपर्यंत तिथे फक्त मुलंच शिकत. या बाई भारतातल्या पहिल्या महिला इंजिनीअर म्हणून ओळखल्या जातात. यादीवाले इथे थांबतात. पण खरी गंमत पुढे आहे.

ललिताबाईंना अभ्यास जड गेला नाही. मुलांनी त्रास दिला, असंही नाही. जड गेलं ते हॉस्टेलवरचं एकटेपण. हॉस्टेलवर राहणाऱ्या कोणालाही हे वेगळं समजवायला नको. सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूमचं दार वाजवता येणं, मेसमध्ये शेजारी कोणीतरी असणं, यावर आपली चार वर्षं निघतात. यावर त्यांच्या वडिलांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी ‘मन घट्ट कर’ असं नुसतं सांगितलं नाही. त्यांनी कॉलेजला गळ घातली की मुलींना प्रवेश खुला असल्याची जाहिरात द्या. जाहिरात निघाली आणि लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला दाखल झाल्या. तिघीही पदवीधर झाल्या. म्हणतात की सर्टिफिकेटवर छापलेला पुल्लिंगी ‘ही’ खोडून तिथे हाताने ‘शी’ लिहावं लागलं.

पुढे ललिताबाई कलकत्त्याला ए.ई.आय. कंपनीत होत्या आणि भाक्रा-नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या डिझाइनवर त्यांनी काम केलं. आणि मागून आलेल्या थ्रेसिया? १९७१ साली त्या केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. देशात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला! म्हणजे एका पहिलीसाठी निघालेल्या जाहिरातीतून दुसरी आली, आणि ती दुसरी पुढे जाऊन वेगळ्याच यादीत पहिली ठरली.

डॉक्टरांच्या बाबतीतही असंच एक नाव यादीतून निसटतं. पहिली भारतीय महिला डॉक्टर कोण, आनंदीबाई जोशी की कादंबिनी गांगुली, यावर क्विझमध्ये हमखास भांडण होतं, कारण दोघींचंही वर्ष १८८६. आनंदीबाई अमेरिकेत एम.डी. झाल्या, पण क्षयाने फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. वय अवघं २१. दवाखाना चालवायला काळाने त्यांना वेळच दिला नाही. या भांडणात डॉ. रखमाबाईंचं नाव कोणी घेत नाही. नको असलेल्या बालविवाहाविरुद्ध कोर्टात उभी राहिलेली ही मुंबईची मुलगी १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आली आणि सुरत-राजकोटला तीसहून अधिक वर्षं बायकांवर उपचार करत राहिली. तिच्या मागे कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची उभ्या होत्या. किती बाळंतिणी तिच्यामुळे वाचल्या असतील, याची नोंद कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाही. कारण ती ‘पहिली’ नाही ना!

तुम्ही म्हणाल, म्हणजे पहिल्याला काही किंमतच नाही का? आहे ना, भरपूर आहे. बुद्धिबळ बघा. विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा दिब्येंदू बरुआ १९९१ साली, तिसरा आपला मुंबईचा प्रवीण ठिपसे १९९७ साली. पुढे ओघ असा वाढला की २०२५ साली नागपूरची दिव्या देशमुख ग्रँडमास्टर झाली, तेव्हा ती भारताची ८८ वी होती. ८८ साली पहिला आणि आता ८८ वी! आनंद मोठा खेळाडू तर आहेच. पण त्याच्या मागे एवढी रांग लागली, म्हणून तो मला जास्त मोठा वाटतो. पहिल्याचा खरा सत्कार हार घालून होत नाही, दुसरा आला की होतो.

आणि दुसरा आला नाही तर? मग त्या पहिल्याचाच उपयोग तोंड बंद करायला होतो. ‘आहे की आमच्याकडे एक!’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. एक आहे ना, मग दार उघडंच आहे, येत नाहीत त्यांचाच दोष! खाशाबांचं पदक दाखवून ४४ वर्षं हेच म्हणता आलं असतं.

हे सगळं मी का लिहितेय? मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे. आमच्या वर्गात आम्ही मुली चौघी. या कॉलेजात मी काही पहिली नाही, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. कारण माझ्या आधीच्या एका ताईने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की बॉयलर सूट कुठून शिवून घ्यायचा, लेथवर उभं राहताना वेणी टोपीत कशी घालायची, आणि वर्कशॉपच्या इमारतीत मुलींसाठी टॉयलेट नाही, तेव्हा ॲडमिन बिल्डिंगपर्यंत जायला किती मिनिटं लागतात. हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही.

गावी मात्र मी पहिली. पहिल्या सेमिस्टरचा रिझल्ट लागायच्या आतच चौकात ‘गावातील पहिली महिला इंजिनीअर’ असा माझा फ्लेक्स लागला होता! (एम-थ्रीचा पेपर द्यायचा होता अजून, पण ते फ्लेक्सवाल्यांना कोण सांगणार?) फ्लेक्स पावसाळ्यात फाटला. त्यानंतर दोन वर्षांत गावातून एकही मुलगी इंजिनीअरिंगला आलेली नाही. मार्क कमी पडले, असं नाही. कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा ते माहीत नाही. हॉस्टेल कसं असतं म्हणून वडील घाबरतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी आणि परीक्षा शुल्क शासनाने माफ केलंय, हे निम्म्या घरांना ठाऊकच नाही. फ्लेक्सवर यातलं काहीच नव्हतं, फक्त माझा फोटो होता. म्हणून या सुट्टीत मी गल्लीतल्या बारावीच्या दोघींना घेऊन बसले, कागदपत्रांची यादी करून दिली, एकीच्या वडिलांना आमच्या रेक्टर मॅडमशी फोनवर बोलायला लावलं. अजून काही ठरलेलं नाही. बघू.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. क्विझ कमिटीला : यंदा ‘पहिले कोण’ या प्रत्येक प्रश्नामागे ‘दुसरे कोण, आणि मधे एवढी वर्षं का गेली’ हा बोनस प्रश्न ठेवा. पहिल्या उत्तराला पाच मार्क, दुसऱ्याला दहा. सर आणि मॅडमना : ललिताबाईंच्या वडिलांना जाहिरात सुचली, तुम्हाला वर्कशॉपमधलं टॉयलेट सुचू दे. पुढच्या बॅचच्या मुलींना त्याहून मोठं स्वागत नको. आणि हॉस्टेलवरच्या आपल्या सगळ्यांना : इथे असे कितीतरी जण आहेत, जे घरातले, वस्तीवरचे, गावातले पहिले आहेत. दिवाळीला घरी जाल तेव्हा एक दिवस आपल्या जुन्या शाळेत जा. मोटिव्हेशनल भाषण नको, फॉर्म कसा भरायचा तेवढं सांगा आणि स्वतःचा फोन नंबर फळ्यावर लिहून या.

‘पहिला’ ही पाटी आपल्याला फुकट मिळाली आहे. ती पुसली जायला हवी असेल, तर दुसऱ्याला बोलवावं लागेल.