कोणते विमान सरस, हा अर्धाच प्रश्न

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला. १९६३ मध्ये दाखल झालेले हे विमान ६२ वर्षे सेवेत होते. १९७१ च्या युद्धात त्याने मोठी कामगिरी बजावली आणि पुढे त्याच विमानाला लोक 'उडती शवपेटी' म्हणू लागले. या निरोपानंतर हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने असतात. म्हणजे तूट दोनशेहून अधिक विमानांची आहे.

ही तूट कोणत्या विमानाने भरायची, याची चर्चा वाहिन्यांवर आणि मोबाइलवर जोरात चालते. राफेल की एफ-३५? ग्रिपेन की सुखोई-५७? आपले तेजस कुठे बसते? वेग, उंची, पल्ला, क्षेपणास्त्रांची संख्या यांचे तक्ते फिरतात आणि आखाड्यातल्या पैलवानासारखा एकाचा हात वर केला जातो. लोक या विषयात रस घेतात हे चांगलेच आहे. पैसा त्यांचा आहे आणि त्या विमानात बसणारी मुलेही त्यांचीच आहेत. पण विमानाची तुलना दुसऱ्या विमानाशी करण्याआधी ती आपल्या गरजेशी करावी लागते. शेतकरी बैल घेताना आधी आपली जमीन बघतो, मग बाजार.

आपली गरज एकसारखी नाही. पश्चिम सीमेवर अंतरे कमी आहेत. तिथे काही मिनिटांत उडणारी, संख्येने भरपूर आणि चालवायला स्वस्त विमाने उपयोगी पडतात. तेजससारखे साडेतेरा टन कमाल वजनाचे, एका इंजिनाचे हलके विमान या कामासाठीच आखले गेले. उत्तरेकडे प्रश्न वेगळा आहे. लेहचा हवाई तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी पडते, पंखांना उचल कमी मिळते आणि तेच विमान मैदानी तळावरून जेवढी शस्त्रे व इंधन घेऊन उडते तेवढे इथून उडू शकत नाही. तिबेटमधल्या उंच तळांवरून उडणाऱ्या चिनी विमानांनाही हाच नियम लागू आहे. दक्षिणेकडे हिंदी महासागराचा विस्तार आहे. तिथे दूरचा पल्ला लागतो. म्हणून २०२० मध्ये तंजावरला ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहू शकणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानांचा स्क्वाड्रन उभा करण्यात आला. तक्त्यावर पहिले आलेले विमान या तिन्ही ठिकाणी पहिले येईलच असे नाही.

बहुउद्देशीय विमानाची कल्पना याच अडचणीतून पुढे आली. पूर्वी हवेतल्या लढाईसाठी एक विमान, जमिनीवरच्या माऱ्यासाठी दुसरे आणि टेहळणीसाठी तिसरे असे. एकाच विमानाने ही सारी कामे केली तर वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग आणि तळावरची व्यवस्था यांत बचत होते. मिराज-२००० ने हे दाखवून दिले. मुळात हवाई संरक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या विमानाने १९९९ मध्ये कारगिलच्या उंच शिखरांवर लेसरच्या साह्याने अचूक बॉम्ब टाकले. पण बहुउद्देशीय विमान महाग असते. महाग असल्यामुळे ते कमी संख्येने घेतले जाते, आणि एक विमान एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. गुणवत्ता आणि संख्या यांचा मेळ घालणे ही कोणत्याही हवाई दलाची खरी परीक्षा असते.

आपल्याकडे अशी तुलना एकदा फार काळजीपूर्वक झाली होती. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ मध्यम बहुउद्देशीय विमानांसाठी प्रस्ताव मागवण्यात आले. अमेरिकेची एफ-१६ आणि एफ/ए-१८, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, युरोपातील चार देशांचे टायफून आणि फ्रान्सचे राफेल अशी सहा विमाने स्पर्धेत होती. बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचे वाळवंट आणि लेहची थंडी व उंची अशा तिन्ही ठिकाणी त्यांच्या चाचण्या झाल्या. एप्रिल २०११ मध्ये राफेल आणि टायफून ही दोन उरली. जानेवारी २०१२ मध्ये कमी बोलीच्या आधारे राफेल पुढे आले. त्यानंतर घोडे अडले. १०८ विमाने भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधायची होती. त्यांच्या दर्जाची जबाबदारी कुणाची आणि ती बांधायला मनुष्यतास किती, यावर एकमत होईना. अखेर तो व्यवहार गुंडाळला गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ तयार विमानांचा करार झाला. पहिली पाच विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली, शेवटचे डिसेंबर २०२२ मध्ये आले. १२६ ची गरज नोंदवून १५ वर्षांनी ३६ मिळाली. परीक्षा नीट घेतली, निकालही लागला, पण प्रवेशाची मुदत टळून गेली.

या विलंबाची किंमत रुपयांत मोजून पुरत नाही. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत सांगितले होते की हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिकांनी प्राण गमावले. सगळा दोष विमानाचा नव्हता. तरुण वैमानिकांना मिगसारख्या वेगवान विमानावर बसवण्यापूर्वी प्रगत प्रशिक्षण विमान हवे, ही शिफारस १९८२ मध्येच ला फॉन्टेन समितीने केली होती. त्यासाठीच्या हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधल्या २२ वर्षांत ज्या घरांत तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी आली, त्यांना दिरंगाई म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायला नको.

तक्त्यांमध्ये न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे परावलंबन. १९७८ मध्ये भारत खोलवर मारा करणारे विमान शोधत होता. ब्रिटन व फ्रान्सचे जग्वार, फ्रान्सचे मिराज एफ-१ आणि स्वीडनचे विगेन यांचा विचार चालू होता. विगेनचे इंजिन अमेरिकी रचनेवर आधारलेले होते. अमेरिकेने परवानगी नाकारली आणि विगेन स्पर्धेबाहेर गेले. विमान स्वीडनचे, गिऱ्हाईक भारत, पण किल्ली वॉशिंग्टनच्या खिशात! अखेर जग्वार निवडले गेले आणि १९७९ मध्ये अंबाल्याला दाखल झाले. त्या वेळी हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ. हैदराबादच्या या अधिकाऱ्याने फाळणीच्या वेळी भारतातच राहणे पसंत केले होते. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपालही झाले.

चाळीस वर्षांनंतरही किल्लीचा प्रश्न सुटलेला नाही. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. त्यासाठी लागणाऱ्या ९९ अमेरिकी एफ-४०४ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये हाती आले. सांगाडे तयार, इंजिनाची वाट! स्वदेशी 'कावेरी' इंजिनाचे काम १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, पण त्याला हवी तेवढी ताकद गाठता आली नाही आणि ते तेजसपासून वेगळे करावे लागले. तुर्कस्तान तर एफ-३५ प्रकल्पाचा भागीदार देश होता. त्याने रशियाची एस-४०० यंत्रणा घेताच २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला प्रकल्पातून बाहेर काढले. भारताकडेही एस-४०० आहे. एफ-३५ चे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

शस्त्रांचेही तसेच. सुखोई-३० वर ब्राह्मोस बसवण्याचे काम आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात झाले आणि २०१७ मध्ये त्याची हवेतून पहिली चाचणी यशस्वी ठरली. विमानाच्या रचनेवर आणि संगणकप्रणालीवर हात चालवता आला म्हणून हे शक्य झाले. जिथे ती मोकळीक नसते तिथे आपलेच क्षेपणास्त्र आपल्याच विमानावर बसवायला उत्पादकाची मिनतवारी करावी लागते. ब्राझीलने २०१४ मध्ये ३६ ग्रिपेन घेताना तंत्रज्ञान हस्तांतर हा कराराचा मोठा भाग ठेवला तो याच कारणाने. ओझरला ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस मार्क-१ए च्या नव्या उत्पादन साखळीतले पहिले विमान उडाले. ज्या कारखान्याची उभारणी १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी झाली, तिथेच त्याचा वारसदार तयार होतो आहे, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने समाधानाची बाब आहे. मात्र समाधान पूर्ण होईल ते इंजिन आपले असेल तेव्हा.

किमतीबद्दलही सरळ बोलले पाहिजे. विमानाची खरेदी हा फक्त पहिला हप्ता असतो. इंधन, सुटे भाग, दुरुस्ती, सुधारणा यांचा तीस-चाळीस वर्षांचा खर्च खरेदीहून मोठा होतो. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदवले की त्या देशाची एफ-३५ विमाने कामगिरीसाठी सज्ज असण्याचे प्रमाण सुमारे ५५ टक्केच होते. जगातले सर्वांत प्रगत म्हणवले जाणारे विमान दोनपैकी एक वेळ दुरुस्तीत असेल, तर तक्त्यावरचा पहिला क्रमांक काय कामाचा? राफेलवरून आपल्याकडे रणकंदन झाले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकूण रकमेला विमानांच्या संख्येने भागून आकडे फेकले. त्या रकमेत शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण आणि खास भारतासाठीचे बदल किती, हे वेगळे केल्याशिवाय असा भागाकार फसवा ठरतो. २०१९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, पण त्यातल्या किमती झाकलेल्या होत्या. मग नागरिकांच्या हाती उरला तो फक्त आरडाओरडा.

मे २०२५ मधील संघर्षानंतर हा आरडाओरडा आणखी वाढला. राफेल श्रेष्ठ की पाकिस्तानकडचे चिनी जे-१० सी, यावर दोन्ही देशांत पैजा लागल्या. शेअर बाजारात विमान कंपन्यांचे भाव वरखाली झाले. भारताचे संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये विमानांची हानी झाल्याचे मान्य केले आणि विमान का पडले, कोणती चूक झाली हे महत्त्वाचे असल्याचे सांगितले. सैनिकाची भाषा अशी असते. आजची हवाई लढाई दोन विमानांची कुस्ती नसते. दूरवरचे पाहणारे टेहळणी विमान, जमिनीवरचे रडार, त्यांची माहिती वैमानिकापर्यंत क्षणात पोहोचवणारे जाळे आणि लांब पल्ल्याचे क्षेपणास्त्र अशी ती साखळी असते. आपल्याकडे फाल्कन रडार असलेली मोठी टेहळणी विमाने तीन आणि हवेत इंधन भरणारी सहा आहेत. एवढ्या मोठ्या देशाला ती पुरतात का, हा प्रश्न राफेल की जे-१० या प्रश्नापेक्षा मोलाचा आहे. तो मात्र फारसा कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट मांडायला हवी. अशा वेळी प्रश्न विचारणाऱ्याच्या निष्ठेवर बोट ठेवले जाते. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मुस्लिम असेल तर जरा अधिकच. आमच्या चळवळीची भूमिका अशी की विमानाच्या करारावर प्रश्न विचारणे हा सैनिकाचा अपमान नव्हे, ते त्याच्यासाठी केलेले काम आहे. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली ग्रिपेन घ्यावे की नाही यावर थेट सार्वमत झाले आणि ५३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी नकार दिला. २०२० मध्ये नव्या विमानांसाठी सहा अब्ज फ्रँकपर्यंतच्या खर्चाला जेमतेम ५०.१ टक्के मतांनी मंजुरी मिळाली. नकार देणाऱ्यांना तिथे कुणी गद्दार ठरवले नाही. भारतात सार्वमत घ्यावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या सीमा वेगळ्या, शेजार वेगळा. पण संसदेत खुली चर्चा होण्याइतका तरी मोकळेपणा आपल्याला परवडायला हवा.

११४ विमानांच्या खरेदीचा विचार २०१८ पासून चालू आहे. निमित्त त्या खरेदीचे असो किंवा आणखी कशाचे, नागरिकांनी आणि त्यांच्या खासदारांनी चार गोष्टी विचाराव्यात. हे विमान कोणत्या सीमेवरच्या कोणत्या कामासाठी? त्याचे इंजिन, संगणकप्रणाली आणि शस्त्रे यांच्या किल्ल्या कुणाकडे? तीस वर्षांचा एकूण खर्च किती आणि दर शंभरातली किती विमाने रोज उडण्याच्या स्थितीत असतील? आणि पहिले विमान कोणत्या तारखेला येणार, ते न आल्यास जबाबदार कोण? यातल्या एकाही उत्तराने लष्करी गुपित फुटत नाही.

कोणते विमान सरस हे वैमानिक आणि अभियंते ठरवतील. ते त्यांचे काम आहे आणि ते त्यांना उत्तम जमते, हे २००७ ते २०११ च्या चाचण्यांनी सिद्ध केले. त्यांच्या निवडीनंतर फाईल किती वर्षे पडून राहते, हे पाहणे आपले काम आहे.