संस्कृती काय रक्तात असते?

डोंबिवली म्हणजे सांस्कृतिक शहर. स्टेशनाबाहेर पडलं की हेच कानावर पडतं. 2017 साली इथं साहित्य संमेलन भरलं, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून गर्दी होते, पाडव्याला शोभायात्रा निघते. निघू दे. आमचं भांडण गर्दीशी नाही. त्या 'सांस्कृतिक' शब्दाशी आहे.

आमच्यातला एक पोरगा मागल्या साली पूर्वेला भाड्याची खोली बघायला गेला. डिपॉझिट खिशात, नोकरी पक्की. मालकानं आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आवाज मऊ करून म्हणाला, "आमची सोसायटी जरा सांस्कृतिक आहे हो, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल." पोरगा कल्याणला परत आला. रात्रभर बोलला नाही.

तर दोस्तहो, हा शब्दच एकदा उसवून बघू. 1871 साली टायलर नावाच्या इंग्रजानं संस्कृतीची व्याख्या केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रीतिरिवाज, सवयी. माणूस समाजात राहून जे जे मिळवतो ते सगळं. मिळवतो! आईच्या पोटातून आणत नाही. साहेब काही क्रांतिकारक नव्हता, जगातल्या लोकांना रानटी ते सुधारलेले अशा पायऱ्यांवर बसवायचा. पण त्याच्या या एका शब्दानं मनूचं कंबरडं मोडतं. बोलायचं कसं, खायचं काय हे शिकावं लागतं. कुणाला शिवायचं नाही हेसुद्धा पोराला शिकवावंच लागतं. शिकवलेलं पुसता येतं.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. पुढल्या साली रूळ कल्याणला पोचले. डब्यात कोण कुणाला शिवलं, मोजणार कोण? सोवळ्याला गाडीत बसावंच लागलं. शंभर कीर्तनांना जे जमलं नाही ते कोळशाच्या इंजिनानं केलं. पण जात मेली नाही. ती लोकलमधून उतरली आणि सोसायटीच्या गेटावर जाऊन बसली. यंत्र भराभर बदलतं, डोक्यातला कचरा मागं रेंगाळतो.

मग तो कचरा हलतो कसा? विद्यापीठातले सांगतात, खालचे वरच्यांचं अनुकरण करतात. एम. एन. श्रीनिवास यांनी 1952 च्या पुस्तकात त्याला संस्कृतीकरण म्हटलं. ठीक. आता महाडला या. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. डिसेंबरात बायांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं सोडा, हातभर कथलाचे गोठ टाका. बायांनी महाडातच नेसण बदललं. लांबून बघणाऱ्याला ही नक्कल वाटेल. अरे, नक्कल करणारा वरच्याची पोथी डोक्यावर घेतो. इथं त्याच परिषदेत, 25 डिसेंबरला, मनुस्मृती जाळली! हे अंगावरचा शिक्का खरवडून काढणं होतं. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी एका दिवसात देव सोडले. संस्कृती बदलायला हजार वर्षं लागतात म्हणणाऱ्यांनी हा दिवस कुठल्या खात्यात मांडायचा?

कान्हेरीच्या लेण्यांत जा. ब्राह्मी अक्षरांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत व्यापारी आहेत, कारागीरही आहेत. बौद्ध भिक्खूंना दिलेली दानं ती. सोसायटीच्या चेअरमनला एकदा ती भिंत दाखवायला हवी. पण मूळचे कोण, हा खेळ आपणही फार खेळू नये. त्यातून नवे मनू निघतात.

आणि आपलं काय? बाबासाहेबांच्या काळात जलसे होते, पुढं वामनदादा गावोगाव गात फिरले. त्यातून माणूस विचार घेऊन घरी जायचा. आपण 14 एप्रिलला खिडक्या हलवणारा डीजे लावतो, आणि वस्तीतल्या वाचनालयाला वर्षभर कुलूप. हीसुद्धा शिकलेलीच सवय आहे. कुणाकडून शिकलो, ते बघा.

त्या पोराला अजून खोली मिळालेली नाही. येत्या रविवारी आम्ही दहाजण त्याच सोसायटीत जाणार आहोत. खोली बघायला. आडनावं मोठ्यानं सांगू.