मुठींत मावणारें संरक्षण

मिरचीच्या अर्काचा फवारा सोडणारी लहानशी नळी आत्मसंरक्षणार्थ हल्लीं कित्येक मुलींच्या पिशवींत असते. मिरचीचा दाह ज्या द्रव्यामुळें होतो, त्यास थ्रेश ह्या इंग्रज रसायनज्ञानें १८७६ सालीं कॅप्सायसिन हें नांव दिलें. तो दाह आपल्या मज्जातंतूंस कसा कळतो, हें उकलणारे डेव्हिड ज्युलियस ह्यांस २०२१ सालीं नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. द्रव्याचा विचार इतका झाला. परंतु नळी धरणाऱ्या हाताचा विचार कोणीं करावा?

गुळगुळीत, वाटोळी नळी घामेजलेल्या मुठींत फिरते, आणि अंधारांत तिचें तोंड कोणीकडे आहे हें कळत नाहीं. भीतीनें बोटें थरथरत असतां बारीक खटका सरकत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, नळीस बोटांच्या खांचा असाव्या, पुढची बाजू स्पर्शानेंच ओळखूं यावी, आणि कळ आंगठ्यानें दाबतां यावी. मात्र पिशवींत ती आपोआप दाबली जाऊं नये. बारीक धार सुटणारी नळी बरी. धुक्यासारखा फवारा वाऱ्यानें उलटून आपल्याच डोळ्यांत येतो.

सोय म्हणजे चैन, असें कांहीं पालक म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. जें साधन हातास बसत नाहीं, तें संकटाच्या क्षणीं पिशवींतच राहतें. सरावासाठीं पाण्यानें भरलेली नळी मिळते. तिजवर मुलींनीं हात बसवावा. आणि मुलांनो, आपल्या सहाध्यायिनीस अशी नळी बाळगण्याची गरजच वाटूं नये, असें वर्तन ठेवणें तुमच्या हातीं आहे.