स्टेशन गोंगाटाने जिवंत होत नाही

मंडळी, आमच्या घरात आगगाडीच्या मॉडेलांचं वेड भाच्याला. एक अख्खी खोली त्याने अडवली आहे. एचओ स्केल, म्हणजे 1:87 चं माप. नदीवरचा पूल, छोटं स्टेशन, वाफेचं इंजिन, काळ साधारण 1960 चा. काम सुरेखच आहे. पण आता त्यात 'बॅकग्राउंड साउंड' भरायचा घाट घातलाय, आणि त्यावरून आमची रोज जुंपते!

त्याचं म्हणणं, "मामा, तयार फाइली मिळतात. भरपूर आवाज टाकला की लेआउट जिवंत होतो." मला हे साफ अमान्य आहे.

त्या तयार फाइलींत काय असतं? इंग्लंडातल्या पाखरांची किलबिल, चर्चची घंटा, अमेरिकन इंजिनावरची टण-टण. अमेरिकेत घंटा इंजिनावर असायची; आपल्याकडे ती स्टेशनात असे, टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठोके पडत. मग आंब्याच्या झाडात विलायती पाखरू का ओरडावं? झाडाचं पान न् पान रंगवताना जो माणूस डोळ्यांत तेल घालतो, त्याने कानात बोळे का घालावेत?

दुसरा मुद्दा अंतराचा. एक मीटरवर उभं राहून आपण लेआउट बघतो, तेव्हा त्या मापाने 87 मीटर लांब असतो. तेवढ्या लांबून इंजिनाची शिट्टी ऐकू येईल, पण चहावाल्याचे शब्द लागणार नाहीत. हाळी तेवढी कळेल. आणि इथे दोन सेंटिमीटरचा हमाल आपल्या कानाशी येऊन ओरडतो! सगळं छोटं केलं, आवाज मात्र मूळ मापाचा. ही मॉडेलातली लबाडी आहे.

तिसरं म्हणजे तेच ते रडगाणं. दर दोन मिनिटांनी तोच कुत्रा भुंकला की तिसऱ्या वेळी पाहुणा हसतो. मी जन्मभर मराठी शिकवलं, पण लसावि विसरलो नाही. पाखरांची फीत 7 मिनिटांची आणि माणसांची 11 मिनिटांची ठेवा. दोन्हींची सुरुवात पुन्हा जुळायला 77 मिनिटं लागतील. मधे शांतता ठेवा. छोट्या स्टेशनाचा खरा आवाज तोच. गाडी गेल्यावर जे उरतं, ते ऐकवता आलं पाहिजे.

काही जाणकार म्हणतात, आवाज हवाच कशाला? हेही पटत नाही. इंजिनात बसणारा इवलासा स्पीकर खर्जातला आवाज देऊ शकत नाही. फळीखाली मोठा स्पीकर लावून पुलाची घरघर हळू सोडली, तर ती कुठून येते हे कानाला कळत नाही, पण पूल पूल वाटतो. कोथरूडच्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात 1998 पासून लोक गाड्या बघतात तशा ऐकतातही. आवाजाला माझा विरोध नाहीच, आळसाला आहे.

"मुलांना गोंगाट आवडतो" हा शेवटचा बचाव. मुलांना जे द्याल ते आवडतं, म्हणून तर जपून द्यायचं! आमच्या लहानपणी रूळ साधारण 13 मीटरचे असत आणि प्रत्येक सांध्यावर चाक वाजे. आता लांबच लांब जोडलेल्या रुळांमुळे मुख्य मार्गांवरचा तो ठेका जवळपास गेला. नातवंडांना तो कुठे ऐकायला मिळणार? 13 मीटर म्हणजे या मापात 15 सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावर रुळाला कानशीने बारीक खाच पाडली, की गाडी स्वतःच बोलू लागते. ताशी 47 किलोमीटरच्या हिशोबाने चालवा. प्रत्येक चाक सेकंदाला एक सांधा ओलांडेल. फाइल नको, की स्पीकर नको!

बाकीचे आवाज आपल्या गावात जाऊन टिपावेत. पहाटेचा कावळा, पाण्याची बादली, पिंपळाची सळसळ. आणि घरात माझ्याहून मोठं कुणी असेल, तर शेजारी बसवून विचारावं, "असंच वाजायचं ना?" हे विचारायला माणसं आहेत तोवरच विचारून घ्या. झाडं, डबे, सिग्नल यांचे फोटो राहिलेत, पुढेही बघून करता येतील. ज्यांनी ते आवाज ऐकले ते कान मात्र एकेक करून मिटत चाललेत.

असो. भाचेबुवा हे वाचतीलच. कानस माझ्या खणात आहे, घेऊन जा म्हणावं.